‘चालतंय ते चालू दे’ म्हणणाऱ्या सरांचं काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू फोंड्याची, नोकरी वेर्ण्याला. मराठी शब्दतपासणीच्या एका ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणीही पाहू, वापरू, बदलू शकतो अशा) प्रकल्पात वर्षभर हातभार लावते आहेस. तो प्रकल्प सांभाळतात डिचोलीकडचे एक निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना तुम्ही सगळे ‘सर’ म्हणता. सोबत गोव्यातले आणि महाराष्ट्रातले थोडे स्वयंसेवक आहेत. पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, अजून ईमेलनं जातात, शब्दयाद्यांची मांडणीही सुरुवातीला होती तीच आहे. तू रात्री जागून सगळा प्रकल्प गिटहबवर, म्हणजे कोड आणि त्यातले बदल एकत्र सांभाळणाऱ्या संकेतस्थळावर, नेलास, फायलींची मांडणी बदललीस, यादीतली ‘नको असलेली अदृश्य अक्षरं’ काढून टाकणारी स्क्रिप्ट लिहिलीस आणि हे सगळं एकाच भल्यामोठ्या बदलात पाठवून दिलंस. सरांचं उत्तर दोन वाक्यांचं आलं: ‘मेहनत दिसते. पण चालतंय ते चालू दे.’ बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. आता तू विचारतेस, ही माणसं बदलाला एवढी का घाबरतात, आणि सरळ फोर्क करून, म्हणजे प्रकल्पाची स्वतःची प्रत काढून, वेगळं व्हावं का.

तुझा राग मला समजतो. नोकरी सांभाळून, झोप मोडून केलेल्या कामाला दोन वाक्यांत वाटेला लावलं की कुणाचाही जीव तुटेल. एवढ्या कामाला सरांनी सविस्तर उत्तर द्यायला हवं होतं, आणि त्यांनी ते दिलं नाही हे चुकलंच.

पण तुझ्याच पत्रात एक गोष्ट आहे, जी तू सहज लिहून पुढे गेलीस. या प्रकल्पात तू आलीस ती ‘चवथ’ (गणेश चतुर्थी), ‘खाजन’ (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), ‘मानकुराद’ (आंब्याची एक जात) या शब्दांखाली लाल रेघ दिसली म्हणून. गोव्यात रोज मराठीत लिहिले जाणारे शब्द तपासणीला चूक वाटत होते. तू अशा शब्दांची यादी पाठवलीस. सरांनी दोन शब्दांची सामान्यरूपं विचारली आणि यादी लगेच घेतली. बदलाला घाबरणारा माणूस असं करत नाही. तीच तू, तेच सर, तोच प्रकल्प, आणि एक बदल पटकन आत गेला, दुसरा दारातच अडला. या दोन बदलांत फरक काय होता ते आधी बघू.

शब्दांची यादी आत घेतली की सरांचं काम संपतं. दुसऱ्या बदलात मात्र ते तिथून सुरू होतं. गिट (गिटहबच्या मुळाशी असलेलं, बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायचं, जुन्या स्वयंसेवकांना शिकवायचं, नव्या मांडणीत कुठला शब्द कुठे गेला ते शोधायचं, आणि उद्या तुझी बंगळुरूला बदली झाली तर तुझी स्क्रिप्ट एकट्यानं सांभाळायची. माझ्या मते अशा समूहांतला बहुतेक विरोध इथून येतो. नवं चांगलं आहे का, यावर भांडण फार क्वचित असतं. नव्याचा भार उद्या कोण उचलणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. तो तोंडावर कुणी बोलत नाही, कारण बोललं की आपण आळशी दिसू असं वाटतं. म्हणून मग ‘चालतंय ते चालू दे’.

मोठमोठ्या प्रकल्पांतही हेच झालं आहे. विकिपीडियाचं उदाहरण घे. २०१३ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘व्हिज्युअल एडिटर’ सुरू झाला. तोवर लेखात बदल करायचा तर चौकटी कंस आणि खुणांची एक भाषा शिकावी लागायची. नव्या साधनानं ते वर्ड प्रोसेसरसारखं सोपं होणार होतं. हेतू उत्तम होता. पण ते साधन तेव्हा कच्चं होतं, संथ होतं, आणि लेखांत नको तिथे खुणा सोडत होतं. त्या खुणा साफ कोण करणार? वर्षानुवर्षं लेख राखणारे जुने संपादक. सोय नवख्यांची आणि झाडलोट जुन्यांची, अशी ती वाटणी होती. सप्टेंबरमध्ये तिथल्या समूहानं ते साधन ज्याला हवं त्यानंच सुरू करावं अशा पातळीवर परत आणलं. पुढे ते सुधारत गेलं आणि आज अनेकजण तेच वापरतात. म्हणजे जुन्या संपादकांचा दात त्या कल्पनेवर नव्हता. तयारी व्हायच्या आत ती सगळ्यांच्या गळ्यात बांधली गेली, आणि चुका निस्तरायचं काम न विचारता त्यांच्यावर आलं, हे त्यांना सलत होतं.

आता तुझ्या स्क्रिप्टकडे येते. तू पत्रासोबत तिचा तुकडा जोडलास हे फार बरं केलंस, कारण तो वाचताना मला धस्स झालं. तू जी अदृश्य अक्षरं काढते आहेस, त्यांत झीरो विड्थ जॉइनर आहे, म्हणजे शेजारची अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारी खूण. पडद्यावर तो दिसत नाही, म्हणून कचरा वाटतो. पण ‘दऱ्या’ हा शब्द बघ. त्यातला र दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, मग हा अदृश्य जॉइनर, आणि मग य. दिसायला दोन्ही एकच. आता दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर काढून टाक: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला, त्याचं ‘आचार्याला’ होतं. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं.

यातला ‘वर्हाड’ तरी कुणाच्या डोळ्याला खटकेल. ‘दर्या’ आणि ‘आचार्याला’ हे मात्र शुद्ध मराठी शब्द आहेत, त्यामुळे काही बिघडलं हे कुठल्याच तपासणीत कळणार नाही. यादीतून एक शब्द गुपचूप नाहीसा झालेला असेल, आणि वर्षभरानं कुणीतरी ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिताना लाल रेघ बघून बुचकळ्यात पडेल. ही यादी पुढे लिबरऑफिसमध्ये जाते, फायरफॉक्समध्ये जाते, हे तुला माहीत आहेच.

तू फोंड्याची, खाजनातली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, तू पाहिली असशील. भरती आली की पाण्याच्या दाबानं तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ऐन ओहोटीला बांधावर आलेल्या नवख्याला ते दार नुसतं लाकूड वाटेल. हा जॉइनरही तसाच, त्याचं काम ठरावीक जागीच दिसतं.

सरांनी हे कारण तुला लिहिलं नाही. कदाचित त्यांना नेमकं याच जागी बोट ठेवता आलं नसेल; ‘यादीत सरसकट काही केलं की काहीतरी बिघडतं’ एवढाच जुना अनुभव असेल. असं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात राहतं आणि कागदावर येत नाही, हा अशा प्रकल्पांचा खरा धोका आहे. सरांच्या नंतर या यादीला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’तला फरक कोण सांगणार? ते लिहून काढणं हे मला गिटहबपेक्षा कितीतरी तातडीचं काम वाटतं, आणि त्याला तुझ्याइतकं योग्य माणूस त्या समूहात दुसरं दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. गिटहबवरची ती रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फायलींचा साठा, कुणाच्या खात्यात आहे? तुझ्या. तुझ्या मनात काही नाही हे मला पत्रावरून कळतं. पण सरांच्या बाजूनं बघ. वर्षभरापूर्वी आलेली मुलगी सगळा प्रकल्प उचलून स्वतःच्या खात्यात नेते आणि म्हणते, आता यापुढे इथंच काम करू. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण जगभर गाजलं ते आठव. फायली आक्रसून ठेवणारं ते छोटं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. अनोळखी खात्यांवरून त्याच्यामागे टुमणं लागलं: तुम्ही फार संथ आहात, दुसऱ्याला जबाबदारी द्या. त्याच सुमारास एक नवा हातभार लावणारा दोन वर्षं चिकाटीनं चांगले पॅच पाठवत होता. त्याला अधिकार मिळाले, आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला गेला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यानं मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून तो सापडला. तेव्हापासून ‘मी सगळं सांभाळतो, माझ्याकडे द्या’ हे वाक्य ऐकलं की जुने मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, दचकतात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

यावर उपाय सोपा आहे. तुझं खातं सोडून प्रकल्पाच्या नावानं एक स्वतंत्र ऑर्गनायझेशन (गिटहबवरचं सामायिक खातं) उघड. त्यात सरांना आणि आणखी एका जुन्या स्वयंसेवकाला तुझ्या बरोबरीनं मालक कर. आणि हे बाकी कशाच्याही आधी कर.

तुझा मुद्दा मुळात बरोबर आहे, हेही मला ठासून सांगायचंय. ईमेलमधून पॅच हातानं उतरवून घेणारा प्रकल्प नव्या मुलांना दूर ठेवतो. पण बरोबर बदलालासुद्धा वेळ लागतो, आणि वेळ लागला म्हणजे समोरचे मूर्ख असं होत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तिसरी आवृत्ती, पायथन ३, आठव. २००८ च्या डिसेंबरात आलं. आपल्यासारख्या देवनागरीत काम करणाऱ्यांना तर त्याची निकड होती. पायथन २ मध्ये ‘गोवा’ ही साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत घेऊन लांबी विचारली तर उत्तर यायचं १२, कारण ते अक्षरचिन्हांऐवजी साठवणीचे बाइट मोजायचं. पायथन ३ चार सांगतं. एवढा उघड फायदा असूनही लोक हलेनात, कारण जुना कोड नव्यावर चालत नव्हता आणि सगळं एका झटक्यात बदलायला कुणाकडे वेळ नव्हता. पायथन २ ला २०१५ पर्यंत आधार द्यायचा ठरला होता, ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली.

या गोष्टीतला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग फार लहान आहे. पायथन २ मध्ये युनिकोड स्ट्रिंगच्या आधी ‘यू’ लिहायचे. पायथन ३ नं तो अनावश्यक म्हणून काढून टाकला होता. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत तो परत आणला. नव्या भाषेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण त्यामुळे एकच कोड दोन्हीकडे चालवणं पुष्कळ सोपं झालं आणि लोकांना आपल्या वेगानं, थोडं थोडं पुढे सरकता आलं. तुझ्या प्रस्तावात असा ‘यू’ कुठे आहे? सर उद्याही ईमेलनंच पॅच घेऊ शकतील आणि ते गिटमध्ये नोंदवायचं काम तू करशील, अशी सोय करता येईल का? मला तर वाटतं येईल, आणि फार अवघडही नाही.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेवरून जो वाद चालला, त्याच्याही पोटात हेच होतं. २०२२ च्या डिसेंबरातल्या ६.१ आवृत्तीत रस्टचा पाया आत आला. जुन्या मेंटेनरांचा एक सवाल सतत होता: आम्ही सी या जुन्या भाषेतलं काही बदललं आणि त्यावर उभं असलेलं रस्ट मोडलं, तर दुरुस्त कोण करणार? वाद इतका कडवट झाला की २०२४ मध्ये रस्टच्या बाजूचा एक प्रमुख मेंटेनर वैतागून बाहेर पडला. पुढच्या वर्षी लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी भूमिका स्पष्ट केली: ज्याला रस्ट नको त्याच्यावर ते लादलं जाणार नाही, पण आपल्या कोडचा वापर दुसऱ्यानं रस्टमधून कसा करावा हे अडवायचा अधिकारही त्याला नाही. मला ही वाटणी न्याय्य वाटते. जो भार उचलत नाही त्याला नकाराधिकारही नको. तुमच्या समूहात हीच भाषा वापरून बघ.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी विरोध खरोखरच नुसता हट्ट असतो. ‘मी सुरू केलं, मी म्हणेन तसंच’ हा स्वभाव ओपन सोर्समध्ये कमी नाही. मग तो ओळखायचा कसा? मी एकाच गोष्टीकडे बघते. तू आक्षेपाला उत्तर दिल्यावर समोरचा माणूस हलतो, की दुसरा आक्षेप काढतो? भाराची चिंता असलेला माणूस भार हलका झाला की हलतो. सत्तेची चिंता असलेल्याला कितीही उत्तरं दिली तरी नवीन कारण सापडतं. सर यांपैकी कोण, हे मला इथून सांगता येणार नाही, पण तूही अजून ते पाहिलेलं नाहीस. तू त्यांना एकच प्रस्ताव दिलास, आणि तोही ‘सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा’ अशा घाटाचा.

म्हणून आज फोर्क नको. फोर्क हा तुझा पूर्ण हक्क आहे, परवान्यानं दिलेला, आणि तो वापरण्यात गद्दारी नाही, हे कुणी काहीही म्हणालं तरी लक्षात ठेव. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) संथ कारभाराला कंटाळून काहींनी ईजीसीएस नावानं वेगळी चूल मांडली. त्यांनी इतकं नेटानं काम केलं की १९९९ मध्ये तीच शाखा अधिकृत जीसीसी झाली. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं, आज आपण तेच वापरतो. पण या दोन्ही ठिकाणी बाहेर पडले ते मूळ प्रकल्पात प्रत्यक्ष काम करणारे बरेचजण, एकत्र. तुझ्याबरोबर आज कोण येईल? मराठी शब्दतपासणीवर मन लावून काम करणारी माणसं मुळात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचे दोन गट झाले तर ‘चवथ’ एका यादीत असेल, ‘वऱ्हाड’ दुसरीत, आणि लिहिणाऱ्याला दोन्ही अपुऱ्या.

बाकीच्यांच्या गप्प बसण्याचं तू मनाला लावून घेतलंयस, त्याबद्दल थोडं. शेकडो फायलींचा बदल संध्याकाळी दमून घरी आलेला माणूस वाचत नाही. नंतर बघू म्हणतो आणि विसरतो. त्यात तू तो पाठवलास चवथीच्या आदल्या आठवड्यात. गोव्यात त्या दिवसांत कोण घरी संगणक उघडतं? माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट), पाहुणे, आरत्या. या शांततेला नकार समजू नकोस. दोघा-तिघांना वेगवेगळा फोन कर आणि मत विचारण्याऐवजी अडचण विचार: सध्या या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त कटकट कशाची होते? कुणी सांगेल, एकाच शब्दाचे दोन पॅच येतात. कुणी म्हणेल, माझा पॅच पोचला की नाही तेच कळत नाही. गिटहबनं यातलं जे सुटतं तेवढंच त्यांच्यासमोर मांड. मांडणी बदलायचा विषय सध्या बाजूला ठेव. तो तुला सुंदर वाटतो, पण त्यावाचून कुणाचं काही अडलेलं मला दिसत नाही.

आणि सरांना भेट. लेखी वाद पुरे झाला. त्यांना पणजीला येणं जमत असेल तर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसा, नाहीतर तूच डिचोलीला जा. फोंड्याहून काही लांब नाही. लॅपटॉप ने, पण लगेच उघडू नकोस. ही यादी त्यांनी कशी जमवली ते विचार. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय काय मोडलं ते विचार, आणि ते बोलतील ते लिहून घे. ती टिपणं नीट मांडून प्रकल्पात टाकलीस की ते तुझं आजवरचं सगळ्यात मोठं योगदान असेल. मग बदलाची मुदत स्वतःहून देऊ कर: सहा महिने दोन्ही पद्धती चालतील, नोंदी मी करीन, सहा महिन्यांनी तुम्हाला नको वाटलं तर जुन्यावर परत जाऊ. परतीची वाट उघडी दिसली की माणसं पाऊल टाकतात.

एवढं करूनही सर जागचे हलले नाहीत, तर मला पुन्हा लिही. तेव्हा फोर्कचं बोलू, आणि मी तुझ्या बाजूनं बोलेन.

तोवर स्क्रिप्टमधली जॉइनर काढणारी ओळ आजच बदल. र, हलन्त आणि जॉइनर एकत्र दिसले की आधी त्यांचं ऱ आणि हलन्त कर, राहिलेल्याचं मग बघ. त्यासोबत एक छोटी चाचणी लिही, ज्यात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’, शिवाय ‘वऱ्हाड’ हे शब्द आधी होते तेवढेच नंतरही यादीत आहेत का ते तपासलं जाईल. ती चाचणी एकटीच, दुसरं काहीही न जोडता, सरांना पाठव. ईमेलनंच पाठव.

तुझी,
ताई